उपासना, समूह आणि प्रेषितकार्य : ख्रिस्ती जीवनाच्या वाढीची एकच वाट

रविवारची मिस्सा संपत आलेली असते. धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि त्यानंतर एक लहानसे वाक्य उच्चारतात. त्या वाक्याचा गाभा एकाच शब्दात आहे : जा. आपण देवाचे आभार मानून उत्तर देतो, समारोपाचे गीत सुरू होते आणि गीताचे दुसरे कडवे पूर्ण होण्यापूर्वीच आपल्यापैकी अनेक जण आवाराबाहेर आपले वाहन काढत असतात. रविवारचे कर्तव्य पार पडले, आता पुढच्या रविवारी पाहू, असा एक सुटकेचा भाव त्या घाईत असतो.

परंतु ज्या शब्दाने आपण या उपासनेला ओळखतो, तो शब्दच आपणांस निराळे काही सांगतो. 'मिस्सा' हा शब्द लॅटिन भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. प्राचीन काळी उपासनेच्या शेवटी 'इते, मिस्सा एस्त' असे म्हणून श्रद्धावंतांना निरोप दिला जाई. जा, निरोप दिला आहे, असा त्याचा साधा अर्थ. 'मिस्सा' या शब्दाच्या मुळाशी 'पाठविणे' हे क्रियापद आहे आणि 'मिशन' हा शब्दही त्याच मुळापासून निघाला आहे. म्हणजे ज्या क्षणी आपण सुटलो असे आपणांस वाटते, त्या क्षणी वस्तुतः आपण पाठविले गेलेलो असतो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली ख्रिस्तयागाविषयी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात निरोप आणि प्रेषण यांच्यातील या नात्याकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर २००८ साली लॅटिन मिस्सा-ग्रंथात निरोपाची आणखी काही वाक्ये समाविष्ट करण्यात आली. सुवार्ता घोषित करण्यास आणि आपल्या जीवनाने प्रभूचा गौरव करण्यास जा, असा त्यांचा आशय आहे.

उपासना, ख्रिस्ती समूह आणि प्रेषितकार्य हे तीन वेगवेगळे उपक्रम आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. उपासना सर्वांसाठी, समूहाचे काम समितीसाठी आणि प्रेषितकार्य धर्मगुरू व धर्मभगिनींसाठी, अशी आपण मनोमन वाटणीही करून टाकलेली असते. या लेखात आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, ही एकाच वाटेची तीन वळणे आहेत. त्यांतील एक सुटले की उरलेली दोनही हळूहळू कोमेजतात आणि आपली ख्रिस्ती वाढ खुंटते.

वाढ म्हणजे काय?

स्नानसंस्काराने आपण ख्रिस्ती होतो. पण त्या दिवशी आपल्याला मिळते ते बीज. वाडीत केळीचा मुनवा लावला म्हणजे घड हाती आला असे कोणताही शेतकरी मानीत नाही. त्याला पाणी, खत आणि राखण लागते. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाच्या मस्तकावर पवित्र तेलाचा अभ्यंग केला जातो आणि ते बालक याजक, संदेष्टा व राजा अशा ख्रिस्ताच्या त्रिविध कार्यात सहभागी झाल्याचे घोषित केले जाते. याजक म्हणून आपण देवाची उपासना करतो. संदेष्टा म्हणून आपण देवाच्या शब्दाची साक्ष देतो. राजा म्हणून आपण, जो प्रभू स्वतः सेवक झाला त्याच्याप्रमाणे, इतरांची सेवा करतो. हा अभ्यंग धर्मगुरू होणाऱ्या मोजक्या लोकांना नव्हे, तर प्रत्येक बालकाला होतो.

संत पौल इफिसकरांस लिहिताना या वाढीचे वर्णन शरीराच्या रूपकाने करतात (इफिस ४:११-१६). सर्व सांधे परस्परांशी जुळलेले असतात, प्रत्येक अवयव आपापले काम करतो, तेव्हाच शरीर वाढते, असा त्यांच्या शिकवणुकीचा भावार्थ आहे. येथे एकट्या अवयवाच्या वाढीचा विचारच नाही. एखादाच अवयव इतरांना सोडून वाढू लागला, तर वैद्य त्याला वाढ म्हणत नाहीत, विकार म्हणतात. आपण मात्र अध्यात्माचा विचार बहुधा 'माझी प्रार्थना, माझी शांती, माझे तारण' असाच करतो.

उपासना : उगम आणि शिखर

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-१९६५) प्रथम जो दस्तऐवज संमत केला, तो उपासनेविषयीचा होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी तो प्रसिद्ध झाला. ख्रिस्तसभेचे सर्व कार्य ज्या शिखराकडे जाते ते शिखर म्हणजे उपासना आणि तिचे सर्व सामर्थ्य जेथून वाहते तो उगमही उपासनाच, असे त्यात म्हटले आहे. त्याच दस्तऐवजाने श्रद्धावंतांच्या पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. त्यामुळेच आज आपण लॅटिनऐवजी आपल्या मायबोलीत प्रार्थना करतो.

मायबोलीतील प्रार्थनेचे मोल आपल्या पूर्वजांना फार आधी कळले होते. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. देवाचा शब्द कानावर पडावा तो आपल्या भाषेच्या नादात, आणि एकत्र बसून ऐकताना पडावा, ही या भूमीतील ख्रिस्ती लोकांची तहान त्या ग्रंथामागे आहे. आजचा आपला प्रत्येक मराठी ख्रिस्तयाग त्याच तहानेला लाभलेले पाणी आहे.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा रविवार कसा असे, याचे एक प्राचीन वर्णन उपलब्ध आहे. सुमारे इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन या तत्त्वज्ञाने रोमन सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा एक ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती लोक गुप्तपणे काहीतरी अघोरी करतात, अशा अफवा तेव्हा पसरलेल्या होत्या. म्हणून जस्टिन यांनी सरळ सांगून टाकले की, आम्ही रविवारी काय करतो ते पाहा. शहरांतील आणि खेड्यांतील लोक एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचले जातात. अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती बोध करते. मग सर्व जण उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते, आभाराची प्रार्थना होते आणि लोक 'आमेन' म्हणतात. त्यानंतर सर्वांना वाटप होते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे उपयाजक ते घेऊन जातात. ज्यांची ऐपत आहे ते स्वेच्छेने दान देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले व परगावाहून आलेले लोक यांना मदत केली जाते.

हे वर्णन वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की, सुमारे अठराशे सत्तर वर्षांपूर्वीची ती उपासना आणि गेल्या रविवारची आपली उपासना यांचा सांगाडा एकच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जस्टिन यांच्या वर्णनात उपासना कोठे संपली आणि सेवा कोठे सुरू झाली, हे वेगळे काढताच येत नाही. वेदीवरील भाकर गैरहजर माणसाच्या घरी जाते आणि वेदीपाशी आलेले दान अनाथाच्या ताटात जाते. वेदीपासून निघालेली ती वाट घराघरांतून फिरत राहते.

समूह : शांतीचा हात कोणाला देतो आपण?

ही वाट जेथे अडते, तेथे उपासनाच दूषित होते, याचा इशारा संत पौल यांनी करिंथच्या ख्रिस्तसभेला दिला आहे (१ करिंथ ११:१७-३४). तेथे लोक प्रभुभोजनासाठी जमत. पण सुखवस्तू मंडळी आधीच आपले जेवण उरकून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना स्पष्टपणे सांगतात की, याला प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही. प्रभू येशूनेही डोंगरावरील प्रवचनात हेच शिकविले : वेदीजवळ अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा (मत्तय ५:२३-२४). समूहाशी असलेले नाते ही उपासनेची पूर्वअटच आहे. विश्वपरिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात म्हटले की, देवाने माणसांना सुटेसुटे तारण्याचे नव्हे, तर त्यांची एक प्रजा घडविण्याचे योजिले.

आपल्या वसईच्या इतिहासाने याची साक्ष दिली आहे. वसईच्या किल्ल्यात आज आपण हिंडतो, तेव्हा छप्पर नसलेल्या चर्चच्या उंच भिंती दिसतात. १७३९ साली पोर्तुगीजांची येथील सत्ता संपली. ज्या वास्तू राजसत्तेच्या आश्रयाने उभ्या होत्या, त्या ओस पडल्या. श्रद्धा मात्र ओस पडली नाही. गावागावांत, आळीआळींत, क्रुसापाशी आणि घरातील वेदीपुढे आपल्या पूर्वजांनी ती जपली. भिंती पडल्या तरी समूह उरला होता.

आज आपल्यापुढे याच्या उलट प्रश्न उभा आहे. भिंती भक्कम आहेत, चर्च रंगवलेले आहे, ध्वनियंत्रणा उत्तम आहे. समूह मात्र विरळ होत चालला आहे. वाड्या विकल्या गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या, मुले परदेशी गेली. पूर्वी एका आळीत एखाद्या घरी चूल पेटली नाही, तर शेजाऱ्याला कळत असे. आता दारावरची पाटी वाचल्याशिवाय शेजाऱ्याचे नाव कळत नाही.

आमच्या स्वतःच्या अनुभवातील एक गोष्ट येथे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध विधवा भगिनी एकटी राहत असे. इमारतीला उद्वाहन नव्हते. दर रविवारी ती पहाटेच्या मिस्सेला येई आणि ठरलेल्या बाकावर बसे. एका पावसाळ्यात ती घरात घसरून पडली आणि तिचे चालणे थांबले. तिची जागा तीन महिने रिकामी होती. त्या तीन महिन्यांत आम्ही तिच्या शेजारच्या बाकावर बसून दर रविवारी एकमेकांना शांती देत होतो. ती का येत नाही, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. नाताळापूर्वी लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेचे निमंत्रण देण्यासाठी आमच्यापैकी दोघे जण तिच्या दारी गेले, तेव्हा सारा उलगडा झाला. आम्ही ओशाळून म्हणालो, "आजी, मिस्सा चुकली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मोबाइलवर मिस्सा पाहता येते." ती म्हणाली, "पाहते रे बाबांनो. मोबाइलवर मला मिस्सा दिसते. पण मिस्सेतल्या कोणाला मी दिसत नाही."

त्या वाक्यानंतर आमच्याजवळ उत्तर नव्हते. २०२० साली महामारीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा पडद्यावरील मिस्सा हा आपला मोठा आधार होता आणि आजारी माणसांसाठी ती आजही आधार आहे. परंतु महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडल्यावरही आपल्यापैकी काही जण पडद्यापुढेच राहिले. पडद्यावर सर्व काही दिसते, ऐकू येते; परंतु कोणी आपली वाट पाहत नाही, आणि आपल्यालाही कोणाची वाट पाहावी लागत नाही. ख्रिस्ती समूह म्हणजे जेथे आपली गैरहजेरी कोणाला तरी जाणवते असे घर.

याच कारणासाठी आशियातील ख्रिस्तसभेने लहान ख्रिस्ती समूहांवर भर दिला. आशियाई बिशप परिषदांच्या महासंघाने १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथील सभेत, समूहांचा समूह म्हणून जगणारी सहभागी ख्रिस्तसभा घडविण्याचा संकल्प मांडला. शेजारची काही कुटुंबे एखाद्या घरी जमतात आणि सुवार्तेवर एकत्र चिंतन करतात. दक्षिण आफ्रिकेतील लुमको संस्थेने विकसित केलेली सात पायऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. ती अगदी सोपी आहे. प्रथम प्रभूला आपल्यामध्ये येण्याची विनंती करावी. दुसऱ्या पायरीत उतारा वाचावा. तिसऱ्या पायरीत मनाला भिडलेला शब्द किंवा वाक्यांश प्रत्येकाने मोठ्याने उच्चारावा. चौथी पायरी मौनाची. पाचवीत आपल्या मनाने काय ऐकले ते इतरांना सांगावे. तेथे वाद नको आणि प्रवचनही नको. सहाव्या पायरीत, प्रभू आपल्या समूहाकडून आता कोणते काम इच्छितो, याचा विचार करावा. शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना करावी.

या सात पायऱ्यांत पहिल्या पाच आणि सातवी आपल्याला सहज जमतात. घाईत गाळली जाते ती सहावी. चहा येतो, गप्पा होतात आणि काम ठरविण्याचे राहून जाते. परंतु सहावी पायरी गाळली की तो समूह केवळ प्रार्थनामंडळ होतो. आमच्या समूहाने त्या आजीच्या घरी सभा घेतली, तेव्हा सहाव्या पायरीला कोणालाही फार विचार करावा लागला नाही.

प्रेषितकार्य : पाठविलेले लोक

अंत्युखियाच्या ख्रिस्तसभेतील एक प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत दिला आहे (प्रे. कृ. १३:१-३). ती मंडळी उपवास करून प्रभूची उपासना करीत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना त्याने योजिलेल्या कार्यासाठी वेगळे करण्यास सांगितले. मंडळीने उपवास व प्रार्थना केली, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पाठवून दिले. संत पौल यांच्या विख्यात प्रवासांचा आरंभ असा एका उपासनेत झाला. तो निर्णय एकट्या पौलाचा नव्हता, उपासना करणाऱ्या समूहाचा होता. विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रेषितकार्यविषयक आदेशात म्हटले आहे की, यात्रेकरू ख्रिस्तसभा स्वभावतःच प्रेषित आहे. स्वभाव हा कधी अंगावर चढविण्याचा आणि कधी उतरविण्याचा पोशाख नसतो.

प्रेषितकार्य म्हटले की दूरदेशी जाणारे धर्मगुरू आपल्या डोळ्यांपुढे येतात. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे मात्र धर्मगुरू नव्हते. जपानमध्ये त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले, व्यापारही केला आणि पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले. जपानी भाषा त्यांना उत्तम येत होती, म्हणून दुभाषी म्हणून त्यांना पुन्हा जपानला पाठविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद जाहीर झाले. लिझिअची संत तेरेजा तर वयाच्या १५व्या वर्षी मठात गेली आणि २४व्या वर्षी, १८९७ साली, मरण पावली. मिशनभूमीवर तिने पाऊलही ठेवले नाही. तरीही पोप अकरावे पायस यांनी १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने तिला मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले, कारण मठातील तिची प्रार्थना जगभरातील मिशनऱ्यांसाठी होती. एकाने आपले भाषाज्ञान दिले, दुसरीने आपले मौन दिले.

प्रापंचिक तरुणांचेही एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा २० वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी आपल्या मित्रांसह इतिहासावरील चर्चासभांत भाग घेत असे. ख्रिस्ती धर्माने जगासाठी काय केले, हे तो हिरिरीने मांडी. एकदा विरोधकांनी त्याला टोकले की, पूर्वीचे सोडून द्या, आज तुम्ही काय करता ते दाखवा. तो प्रश्न ओझानाम यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी युक्तिवाद बाजूला ठेवला आणि मोजक्या मित्रांसह २३ एप्रिल १८३३ रोजी एक लहान मंडळ स्थापन केले. गरिबांच्या वस्तीत अनेक वर्षे सेवा करीत असलेल्या धर्मभगिनी रोझाली रेंदू यांनी त्यांना घरभेटींचा पाठ दिला. ते मंडळ म्हणजेच आज आपल्या अनेक धर्मग्रामांत कार्यरत असलेली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ साली ओझानाम यांना धन्यवादित घोषित केले. ते विवाहित होते, प्राध्यापक होते, एका मुलीचे पिता होते.

आपल्या देशात प्रेषितकार्याविषयी बोलताना एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. प्रेषितकार्य म्हणजे कोणाला भुलवून किंवा भाग पाडून धर्म बदलायला लावणे नव्हे. वर उल्लेखिलेल्या आदेशातच ख्रिस्तसभेने बळजबरीने अथवा अनुचित आमिषाने कोणाला श्रद्धा स्वीकारायला लावण्यास सक्त मनाई केली आहे आणि त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात प्रत्येक माणसाच्या सदसद्विवेकाचा मान राखला आहे. आपण साक्ष देतो आणि सेवा करतो. श्रद्धा हे देवाचे दान आहे. सेवेच्या मोबदल्यात आपण काही मागू लागलो, तर तिला सेवा म्हणता येणार नाही.

आपले प्रेषितक्षेत्र फार दूर नाही. २२ मे १९९८ रोजी स्थापन झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांतात समुद्रकाठचे कोळीवाडे आहेत, वसईच्या उरल्यासुरल्या वाड्या आहेत आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडील आदिवासी पाडेही आहेत. वीटभट्ट्यांवर पावसाळा सरताच येणारी कुटुंबे आहेत, ज्यांच्या मुलांची शाळा दरवर्षी अर्ध्यावर तुटते. परप्रांतातून आलेले आणि भाड्याच्या एका खोलीत राहणारे कामगार आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीतून पाणी आणि जमीन यांची राखण करण्यासाठी सर्व धर्मांच्या लोकांबरोबर उभे राहून दाखविले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हात आणि विहिरीच्या पाण्यासाठी उंचावलेला हात एकच होता. २०२४ साली ते प्रभूच्या घरी गेले. पण वेदी आणि वाडी यांचा संबंध कसा असतो, हे ते आपणांस शिकवून गेले.

एक सुटले तर?

आता तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहू. समूहाविना उपासना केली, तर ती खाजगी भक्ती होते आणि संकटाच्या वेळी आपण एकटे पडतो. प्रेषितकार्याविना समूह जपला, तर तो आपापसांतील मंडळ होतो. सहली निघतात, स्नेहभोजने होतात आणि दाराबाहेर उभा असलेला माणूस बाहेरच राहतो. उपासनेविना सेवा केली, तर काही वर्षांत आपण थकतो, कडवट होतो, आपल्या कामाची दखल कोण घेतो याचा हिशेब ठेवू लागतो. मदर तेरेसा यांच्या भगिनी मरणासन्न माणसांची शुश्रूषा करतात. परंतु त्यांचा दिवस प्रार्थनेने आणि ख्रिस्तयागाने सुरू होतो. वेदीवरील ख्रिस्ताला ओळखल्याशिवाय रस्त्यावरील ख्रिस्ताला ओळखणे कठीण आहे, हे त्यांच्या संस्थापिकेने जाणले होते.

२०२१ ते २०२४ या काळात जगभरातील ख्रिस्तसभेने सिनडच्या निमित्ताने एकत्र चालण्याचा विचार केला. ऐक्य, सहभाग आणि प्रेषितकार्य हीच त्या सिनडची तीन सूत्रे होती. आपल्या धर्मग्रामांतही त्यासाठी सभा झाल्या, अहवाल लिहिले गेले. ते अहवाल कपाटात राहतील की आपल्या आळीत उतरतील, हे आता आपल्यावर आहे.

आपण काय करू शकतो?

मोठे संकल्प लवकर विरतात, म्हणून आम्ही येथे काही लहान गोष्टी सुचवितो. शनिवारी रात्री कुटुंबाने रविवारची वाचने एकत्र वाचावीत. त्याला दहा मिनिटे पुरतात. मिस्सेला पाच मिनिटे आधी येऊन, सरलेल्या आठवड्यातील एक व्यक्ती आणि एक चिंता मनोमन वेदीवर ठेवावी. शांती देताना ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याचे नाव मिस्सेनंतर आवर्जून विचारावे. महिन्यातून एकदा लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेला जावे आणि सहावी पायरी गाळू नये. दृढीकरण संस्कारानंतर चर्चपासून दूर गेलेल्या तरुणांना उपदेश करण्याऐवजी एखादे खरे काम सोपवावे. वीटभट्टीवरील मुलांना शिकविणे असो वा आजारी माणसाला दवाखान्यात नेणे असो, ज्याला काम मिळते त्याला घर मिळते. आणि गेल्या महिन्याभरात कोणाची जागा रिकामी दिसली, हे दर रविवारी आपण स्वतःला विचारावे.

त्या आजीच्या घरी आता दर रविवारी मिस्सेनंतर कम्युनियन नेले जाते. धर्मग्रामाने नेमलेला सेवक ख्रिस्तशरीर घेऊन तीन मजले चढतो आणि समूहातील कोणीतरी एक कुटुंब त्याच्याबरोबर जाते. ते तिला त्या दिवशीचे शुभवर्तमान वाचून दाखवितात. मग ती प्रार्थना करते : इमारतीतील सर्वांसाठी, परदेशी असलेल्या मुलांसाठी, खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या अन्यधर्मीय कुटुंबासाठी. त्या कुटुंबातील गृहिणी तिला रोज दुपारी पोळी-भाजी आणून देते, ही गोष्ट आम्हांस नंतर कळली. आम्ही तिच्याकडे प्रेषितकार्यासाठी जात होतो, असे आम्हांस वाटत होते. प्रत्यक्षात त्या इमारतीतील प्रेषित तीच होती, आणि आमच्याआधी तिच्या दारी पोचलेले प्रेम एका हिंदू भगिनीच्या हातून आले होते. पवित्र आत्मा आपल्या सभेची वाट पाहत थांबत नाही.

जस्टिन यांच्या काळी उपयाजक गैरहजर असलेल्यांच्या घरी जात, तीच ही वाट आहे. वेदीपासून निघून ती जिन्याच्या पायऱ्या चढते आणि पुढच्या रविवारी आपल्यासोबत कोणाला तरी घेऊन पुन्हा वेदीपाशी येते. त्या येण्याजाण्यातच आपण वाढतो. येत्या रविवारी धर्मगुरू जेव्हा 'जा' असे म्हणतील, तेव्हा आपण क्षणभर थांबू या आणि प्रभूला विचारू या : प्रभो, कोणाच्या दारी?